सुटा पाठ मिळणार नाही

कंगवा घ्यायला दुकानात जावं आणि कंगवा, आरसा नि पावडरचा डबा घेऊन घरी यावं, असं आपल्यापैकी कुणाचं झालं नाही? तिन्ही मिळून स्वस्त पडलं, असं आपण घरी वर मान करून सांगतो. आरसा तर घरात होताच, असं कुणी म्हटलं की आपल्यालाच राग येतो. वाचकहो, इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसच्या मंदारची गोष्ट मात्र तशी नाही.

मंदारच्या दुकानाला शटर नव्हतं की गल्ला नव्हता. घराच्या पुढच्या खोलीत एक संगणक, एवढंच दुकान. शेतीचे व्हिडिओ-पाठ तो ऑनलाइन विकायचा. पाठ सांगायचे त्याचे वडील यज्ञेश्वरराव. कृषी कार्यालयात नोकरी करून निवृत्त झालेले, सारा तालुका पायाखाली घातलेले. आवाज असा, की ऐकणाऱ्याला वाटावं, साहेब आपल्याच शेताच्या धुऱ्यावर बसून बोलताहेत. बियाणं, खत, बोंडअळी, फवारणी आणि वेचणी असे पाच पाठ होते. स्वस्त नेट नुकतंच गावोगावी पोहोचलं होतं, गुलाबी बोंडअळीनं कापसाच्या पट्ट्यात सगळ्यांची झोप उडवली होती, आणि घाबरलेला माणूस सल्ला शोधतोच. दुकान चाललं.

सुरुवातीला प्रत्येक पाठ सुटा मिळायचा. मग मंदारनं मोठ्या ऑनलाइन दुकानांचं पाहून संच काढला. पाचही पाठ अर्ध्या भावात! संच खपावा म्हणून त्यानं सुट्या पाठांचे भाव आधी वाढवून ठेवले. फवारणीच्या पाठाला तर त्या हंगामात सगळ्यात जास्त मागणी होती. म्हणून तो सुटा देणंच बंद केलं. पाहिजे असेल तर पूर्ण संच घ्या.

त्याची बायको मंजुषा शाळेत शिकवायची. संध्याकाळी चहा ठेवता ठेवता तिनं विचारलं, "ज्यांनी आधीच दोन-तीन पाठ घेतले, त्यांचं काय?"

"त्यांनी पण संच घ्यायचा. अर्ध्या भावात तर देऊन राहिलो."

"म्हणजे घेतलेलंच परत घ्यायचं? जो पहिले आला, ज्यानं तुमच्यावर विश्वास ठेवला, त्यालाच भुर्दंड? अहो, हे तर लिंकिंग झालं!"

लिंकिंग म्हणजे काय, हे आमच्या भागातल्या कास्तकाराला सांगावं लागत नाही. युरियाचं पोतं मागितलं की दुकानदार म्हणतो, सोबत ही बाटली घ्यावी लागेल. बाटली नको म्हटलं की युरिया संपलेला असतो! यज्ञेश्वररावांची अर्धी नोकरी या लिंकिंगशी भांडण्यात गेली होती. दुकानांत जाऊन त्यांनी मागच्या खोलीतली पोती बाहेर काढायला लावली होती आणि त्यापायी एकदा बदलीही ओढवून घेतली होती.

"लिंकिंगमध्ये जबरदस्ती असते," मंदार म्हणाला. "ही सवलत आहे. मी काय कुणाच्या मानेवर सुरी ठेवली?"

"सुटं महाग करून ठेवायचं, पाहिजे ते लपवून ठेवायचं, अन् मग संच स्वस्त म्हणायचं. याला सवलत म्हणतात का? बाबा, तुम्ही काहून बोलत नाही?"

यज्ञेश्वररावांनी चष्मा काढून पुसला. संच निघाल्यापासून त्यांचा आवाज पुसद, उमरखेड, थेट ढाणकीपर्यंत पोहोचला होता. एसटी स्टँडवर माणसं त्यांना आवाजावरून ओळखत, हात जोडत. निवृत्त माणसाला हे सुख फार मोठं असतं.

"मंदारला धंद्यातलं आपल्यापेक्षा जास्त समजते," ते म्हणाले आणि पेपर उघडून बसले. ज्या माणसानं लिंकिंगपायी बदली पत्करली, त्यानं स्वतःच्या घरात तोंड शिवून घेतलं!

पोळ्यानंतरची गोष्ट. मंदारला एक फोन आला. दिग्रसजवळच्या तांड्यावरून खुशी नावाची कॉलेजातली मुलगी बोलत होती.

"सर, आमच्या बानं, किसनसिंग नावानं, खताचा अन् बोंडअळीचा पाठ घेतलेला आहे. आता फवारणीचा तेवढा पाहिजे. तो सुटा दिसूनच नाही राहिला."

"सुटा मिळणार नाही. संच घ्या ना, अर्ध्या भावात आहे."

"पण त्यातले दोन तर आहेत आमच्याजवळ."

मागून एक जाड आवाज आला, "दे वं इकडे." फोन तिच्या वडिलांच्या, किसनसिंगच्या हातात गेला. "भाऊ, मले एकच विचाराचं हाये. दुकानदारानं दोन औषधं देल्ली. एकाच पंपात टाक म्हणते. टाकू का? कापूस डोक्याच्या वर गेला हाये."

मंदारला उत्तर ठाऊक होतं. पाठ त्यानंच चित्रित केला होता. वडिलांनी ते वाक्य कॅमेऱ्यासमोर बोट उगारून म्हटलेलं त्याला आठवतही होतं. पण एकाला फुकट सांगितलं की उद्या सगळा तालुका फोन करेल, मग संच कोण घेईल?

"ते पाठात आहे, काका," तो गोड आवाजात म्हणाला. "संच घ्या, सगळं समजेल."

"जे घेतलं तेच परत कायले घेऊ, भाऊ?" किसनसिंग म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

मंजुषा दारातच उभी होती. "सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"नियम सगळ्यांना सारखा असतो," मंदार म्हणाला. तिनं पुढे वाद घातला नाही. घालायला हवा होता, असं ती आजही म्हणते.

त्या हंगामात फवारणी करता करता कास्तकार आणि मजूर शेतात कोसळू लागले. पेपरात रोज बातम्या येत होत्या. यज्ञेश्वररावांना घरात बसवेना. कार्यालयात असताना ओळखीचे झालेले एक गृहस्थ फवारणीची विषबाधा होऊन यवतमाळच्या दवाखान्यात दाखल होते. त्यांना भेटायला ते मंदारला घेऊन निघाले. भेट झाली, दोन शब्द धीराचे बोलून झाले, आणि ते उठणार तोच पलीकडच्या खाटेवरच्या माणसानं मान वळवली. त्याच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती.

"खताचा पाठ सांगणारे साहेब का तुम्ही?" त्यानं विचारलं. "आवाज वळखला मी. तुमचे दोन पाठ हायेत मायाजवळ."

यज्ञेश्वरराव त्याच्याजवळ जाऊन बसले. "नाव काय तुमचं?"

"किसनसिंग."

मंदारच्या हातातली पाण्याची बाटली खाली पडली. उशाशी बसलेली मुलगी कोण, हे त्याला विचारावं लागलं नाही.

"फवारणीचा पाठ पाहिला नव्हता का तुम्ही?" यज्ञेश्वररावांनी कळवळून विचारलं. "मी सगळं सांगितलं होतं हो त्यात!"

"मांगतला होता, साहेब. सुटा भेटला नाही. मंग दुकानदाराचं ऐकून दोन्ही औषधं एकाच पंपात टाकली."

"पैशासाठी अडलं का? मला तरी फोन करायचा."

"पैशाचं नाही. बोंडअळीच्या पाठाचे देल्लेच होते ना मी? पण घेतलेली वस्तू परत घ्याची, हे मनाले पटलं नाही. वाटलं, हे बी लिंकिंगवालेच निघाले."

यज्ञेश्वररावांनी मान खाली घातली. लिंकिंगवाले! ज्या शब्दाशी ते उभी हयात भांडले, तो शब्द आज त्यांच्याच नावाला येऊन चिकटला होता, आणि तो खोटा आहे असं म्हणायची सोय नव्हती.

"काका," मंदार खाटेजवळ येऊन म्हणाला. "फोनवर मीच होतो."

खुशीनं झटकन वर पाहिलं. ती काही बोलणार, तर किसनसिंगनं चाचपडत तिचा हात धरला. "राहू दे, बाई." मग आवाजाच्या दिशेनं तोंड करून तो म्हणाला, "आता तरी ऐकव, भाऊ. काय होतं त्याच्यात?"

मंदारनं पाठ लावला आणि फोन त्याच्या कानाशी धरला. यज्ञेश्वररावांचाच आवाज होता, ठणठणीत आणि आपुलकीचा. दुकानदार काहीही म्हणो, दोन औषधं एका पंपात मिसळू नका. वारा पाठीवर घ्या. कापूस डोक्याच्या वर गेला असेल तर आत शिरू नका. डोळ्यांवर चष्मा लावल्याशिवाय पंप उचलू नका.

किसनसिंगनं सगळं शांतपणे ऐकलं.

"एवढंच होतं?" तो म्हणाला. "हे तर फोनवर बी सांगता आलं असतं."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मंदारला सोसवला असता!

परतीच्या एसटीत आर्णी मागे पडल्यावर यज्ञेश्वरराव म्हणाले, "खतवाल्यांना मी भर दुकानात चोर म्हणायचो. ते निदान पोतं अडवायचे. आपण जीव वाचवायची गोष्ट अडवून ठेवली. ज्याची जास्त गरज, तेच कुलपात, अन् किल्ली नको असलेल्या मालाच्या गठ्ठ्यात!"

"चूक माझी आहे, बाबा."

"तुझी एकट्याची नाही. सूनबाईनं मला विचारलं होतं, अन् मी पेपर वाचत बसलो. आवाज माझा गावोगावी चालला होता ना! जिथं लावायचा तिथं नाही लावला."

घरी पोहोचताच मंदारनं फवारणीचा पाठ सगळ्यांसाठी मोकळा केला. सुट्या पाठांचे भाव पुन्हा पहिल्यासारखे झाले. संच त्यानं ठेवला, पण ज्याच्याजवळ आधीचे पाठ आहेत त्यानं फक्त उरलेल्याचे पैसे द्यायचे, आणि तेही संचाच्याच भावानं. मंजुषानं ते सगळं नीट तपासून पाहिलं. शाबासकी मात्र तिनं दिली नाही, आणि त्यानंही ती मागितली नाही.

मंडळी, दुकानदारानं सवलत जरूर द्यावी. चार वस्तू घेणाऱ्याला स्वस्तात द्याव्यात, त्यात वावगं काही नाही. पण ज्याला एकच वस्तू हवी, त्याला ती रास्त भावात मिळालीच पाहिजे, आणि जो आधी येऊन गेला त्याला त्याच्या विश्वासाचा दंड पडता कामा नये. गिऱ्हाईकाला अडवून केलेला सौदा कितीही स्वस्त दिसला, तरी ती सवलत नव्हे. दुकान बाजारात असो की मोबाइलमध्ये, न्याय तोच.

मंदारला हे आता पुरतं समजलं आहे. कुणाचाही फोन आला की तो आधी उत्तर देतो, पाठाचं नाव नंतर सांगतो. किसनसिंगचा उजवा डोळा बरा झाला. डाव्या डोळ्यानं त्याला अजूनही दिसत नाही.