फळ्यावरून पुसलेला खर्च

मित्रांनो, फळा म्हटलं की तुम्हाला शाळा आठवेल. पण माझ्यावर कुणी सुविचार लिहिले नाहीत. मी कड फुटलेला एक म्हातारा फळा आहे, आणि माझ्यावर लिहिली जात ती लोकांची घरं.

गोरवा या कारखान्यांजवळच्या वस्तीतल्या एका सुताराने मला प्लायवूडमधून कापलं आणि काळा रंग दिला. कारेलीबागेतल्या एका ट्यूशन क्लासने मला घेतलं, आणि पांढरा चकचकीत फळा आल्यावर काढूनही टाकलं. तेव्हा अहल्याबाईंनी मला रिक्षात घालून परत गोरव्याला आणलं. शाळेतून निवृत्त झालेल्या या बाई तिथल्या महिला मंडळात कर्जात अडकलेल्या घरांना सल्ला देत. दिवस विचित्र होते. दुकानांत रंगीत टीव्ही हप्त्यावर मिळू लागले होते, आणि इकडे कारखान्यांचे भोंगे एकेक करून गप्प होत होते.

बाईंनी वस्तीतल्या बायकांना माझ्यासमोर बसवून विचारलं, एका घराला महिनाभर माणसासारखं जगायला काय काय लागतं? मग जे वाद झाले! दूध अर्धा लिटर की पाव, मुलांना चपला वर्षातून एकदा की दोनदा. नवऱ्याची तंबाखू कुठल्या ओळीत धरायची, असं एकीने विचारलं आणि सगळ्या हसल्या. पीठ, रॉकेल, फी, औषध असं लिहीत शेवटी ओळ आली 'येणं-जाणं'. म्हणजे लग्नात आहेर म्हणून पाकिटातून द्यायचा चांदलो, हळदीकुंकवाचं वाण, मुलांची सहल, मैत्रिणीच्या वाढदिवसाची भेट. एवढ्या खर्चाला सावकाराने हात लावायचा नाही, उरेल त्यातून हप्ता घ्यायचा, हा बाईंचा नियम. लांबून लोक येऊन मला वहीत उतरवून नेत. मला फार अभिमान वाटे.

एके दिवशी वसुंधरा आली. तिच्या नवऱ्याचा, लक्ष्मीकांतचा, कारखाना बंद पडला होता. ज्यांचं कर्ज होतं ते हंबीररावही आले होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत वाचलं आणि ते हसले.

"वहिनी, कर्ज फेडायचंय की लग्नं जेवायचीत?"

वसुंधरेचे पणजे संस्थानच्या सरकारांच्या पलटणीतले. असलं बोलणं तिला कुठलं सोसायला? ती उठली आणि पदराने तिने शेवटची ओळ पुसून टाकली.

"अगं, ती ओळही पोटाचीच आहे," बाई म्हणाल्या.

"असू दे, बाई. थोडे दिवस कुणाकडे गेलो नाही तर माणसं कुठे पळून जातात?"

हप्ता वाढवून ठरला. ती दर महिन्याला पैसे भरायला येई, आणि बाकीच्या बायकांचं बोलणं माझ्या कानावर पडे. वसुंधरा हळदीकुंकवाला येत नाही. तिची मुलगी मोहना सहलीला आली नाही. शेजारच्या लीलाबेनच्या मुलीचं लग्न झालं, तेव्हा बँड दारावरून जात होता आणि ही आतून कडी लावून बसली होती. "मोटा घरना छे ने," असं लीलाबेन म्हणाल्याचंही मी ऐकलं. मोठ्या घरची ना ती, आपल्याकडे कशाला येईल! पुढे तिला कुणी बोलावीनासं झालं.

शेवटचा हप्ता भरायला ती आली त्या दिवशी बाईंनी पेढे आणले होते. वसुंधरेने पेढा हातातच धरला, आणि मग सांगितलं.

मोहनाला भर दुपारी ताप चढला. मान आखडली, डोळे फिरवू लागली. लक्ष्मीकांत मिळेल त्या रोजंदारीच्या कामावर गेलेला. लीलाबेनकडे फोन होता, दारात स्कूटर उभी होती. वसुंधरा त्यांच्या दारापर्यंत गेली, हातही उचलला. पण ज्यांच्या लग्नाला आपण गेलो नाही त्यांना कुठल्या तोंडाने हाक मारायची? ती परत फिरली आणि मुलीला खांद्यावर टाकून बसची वाट बघत उभी राहिली. दवाखान्यात पोचायला फार उशीर झाला. मोहना वाचली, पण तिचे कान कायमचे गेले.

"नंतर लीलाबेन धावत आल्या," ती म्हणाली. "म्हणाल्या, भिंतीला भिंत आपली, आणि मला एक हाक मारता आली नाही तुला?"

हप्ता घ्यायला आलेल्या हंबीररावांनी पूर्ण फेडीची पावती पुढे केली. वसुंधरेने ती घडी करून पिशवीत ठेवली आणि ती मुलीला घ्यायला शाळेत गेली. मोहनाला आता मागून हाक मारून चालत नसे. समोर जाऊन उभं राहावं लागे.

मित्रांनो, मंडळात आता कॉम्प्युटर आला आहे आणि मी जिन्याखाली धूळ खात आहे. मला पुन्हा काळा रंग द्या असं मी म्हणणार नाही. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या वर्गात एखादं मूल असेल, कधीच सहलीला न येणारं, वाढदिवसाला बोलावलं की पोट दुखतं म्हणणारं. ते आखडू आहे असं घरी येऊन सांगू नका. तुम्हीच त्याच्या घरी जा. खायला दिलं तर खा, नाही दिलं तर पाणी मागून प्या. पण जात राहा, म्हणजे अडचणीच्या वेळी त्याच्या आईला तुमचं दार परकं वाटणार नाही.