आमच्या खोलीतले छत्तीस अंश

“छत्तीस,” पाहणीला आलेले साहेब आपला तापमापक वाचून म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

माझ्या जाऊबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. त्या भिंतीपाशी गेल्या, तिथे टांगलेला आमचा तापमापक त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. तोही छत्तीसच दाखवत होता. दुपारचे दोन वाजले होते, बाहेर डांबर चपलांना चिकटत होतं, आणि आमच्या पत्र्याच्या खोलीत चक्क गारवा होता.

“असं कसं? काल याच वेळेला पंचेचाळीस होतं,” जाऊबाई म्हणाल्या.

“कालचं काल गेलं. मला आजचं लिहायचंय. बेचाळीसच्या खाली असेल तर वस्ती यादीत बसत नाही, बाई. नियम काही मी केलेला नाही.”

मी दाराशी उभी होते. ते छत्तीस अंश म्हणजे माझाच पराक्रम होता.

पण आधी जाऊबाईंचं सांगायला हवं. त्या लाँड्रीत इस्त्री करतात, वीस वर्षं. सकाळी सात ते तीन. उरलेल्या वेळात तापमान. माझे थोरले दीर म्हणतात, “हिच्याशी बोलायचं तर आधी पारा किती ते सांगावं लागतं, मग जेवायला मिळतं.” हे वेड लागलं दोन उन्हाळ्यांपूर्वी. आमच्या सासूबाई याच खोलीत, भर दुपारी, बसल्या जागी गेल्या. कागदावर कारण लिहून आलं, वृद्धापकाळ. एकसष्टाव्या वर्षी कसला डोंबलाचा वृद्धापकाळ! जाऊबाई तो कागद घेऊन कचेरीत गेल्या. तिथल्या कारकुनाने सांगितलं की त्या दिवशी शहराचं तापमान एकोणचाळीसच होतं, एवढ्याने कुणी मरत नाही. ते एकोणचाळीस कुठे मोजलं म्हणून विचारलं, तर हवामान केंद्राच्या आवारात, हिरवळीवर, झाडांच्या मधोमध.

“आपण काय त्या हिरवळीवर राहतो का गं?” घरी येऊन त्या मला म्हणाल्या होत्या. रडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी कॉलेजातल्या एका मॅडमकडे जाऊन अकरा तापमापक मागून आणले, अकरा खोल्यांत टांगले, आणि आम्हा अकरा जणींना वह्या दिल्या. दिवसातून तीनदा आकडा लिहायचा. गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहून त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलायच्या, “हे ऊन आपण नाही वाढवलं. आपल्याकडे ना गाडी, ना कारखाना, साधा फ्रीजसुद्धा नाही. आणि भाजून निघायला पहिल्या आपण? जाब विचारायचा. पण हातात आकडा घेऊन.”

त्या वह्या घेऊन त्यांनी कचेरीचे इतके उंबरठे झिजवले की शेवटी वरून हुकूम निघाला. एक पाहणी होईल. एकच खोली, एकच नोंद. बेचाळीसच्या वर भरलं तर वस्तीचं नाव यादीत. म्हणजे छतांना पांढरा लेप, पाण्याचा टँकर तीन दिवसांआड येतो तो रोज, आणि दुपारी बारा ते चार आसपासच्या कारखान्यांना सक्तीची सुट्टी. खोली ठरली आमची, सासूबाईंची.

आता माझी अक्कल ऐका. सकाळी जाऊबाई कामावर होत्या. मी एकटी शर्टांना बटणं लावत बसले होते. मनात आलं, एवढा मोठा साहेब घरी येणार आणि त्याला या भट्टीत बसवायचं? काय म्हणेल? शेजारच्या काकूंना बोलले. त्या म्हणाल्या, “अगं, मग पत्र्यावर पाणी मारू!” झालं. गल्लीतल्या सगळ्या बायका पदर खोचून आल्या. कुणी बादली आणली, कुणी घागर रिकामी केली. एकोणीस बादल्या पत्र्यावर गेल्या. वर ओली पोती पसरली, खिडकीला ओली चादर लावली. दोन वर्षं रोज तीनदा तापमान लिहिणाऱ्या बायका आम्ही! एकीच्याही डोक्यात उजेड पडला नाही. उलट खोली गार झाल्यावर आम्ही एकमेकींना शाबासकी दिली.

“ताई,” मी म्हटलं. “मी पाणी मारलं. पत्र्यावर. साहेब येणार म्हणून.”

जाऊबाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

“किती?”

“एकोणीस बादल्या.”

“धन्य आहेस,” एवढंच त्या म्हणाल्या.

काकू मागून कुजबुजल्या, “तो तापमापक जरा स्टोव्हपाशी धरू का? चढेल पटकन.”

“खबरदार!” जाऊबाई फिस्कारल्या. मग साहेबांकडे वळल्या. “ऐकलंत ना साहेब? तुम्ही मोजलात तो आमचा पाहुणचार. घर मोजायचं राहिलंय. तासभर बसा.”

“मला अजून चार वस्त्या करायच्यात.”

“आमच्या सासूबाई इथेच बसल्या होत्या. तुम्ही बसलायत तिथे. त्यांचा उन्हाने जीव गेला, हे म्हणायला माझ्याकडे कागद नाही. तुमच्या हातात पेन आहे. दोन वर्षं मी त्या पेनाची वाट पाहतेय, तुम्ही एक तास पाहा.”

साहेब वाईट नव्हते. घड्याळ पाहिलं, कपाळ पुसलं, आणि पेनाला टोपण लावलं. मी धावत जाऊन चादर ओढून काढली, काकूंनी पोती खाली फेकली.

पत्रा वाळायला दहा मिनिटंही लागली नाहीत. अडतीस. चाळीस. पत्रा तडतडायला लागला. साहेबांनी गळ्याचं बटण काढलं. सुरुवातीला ते काकूंच्या गुडघ्यांची चौकशी करत होते, मग हातातल्या कागदाने वारा घ्यायला लागले. आम्ही सात-आठ जणी जमिनीवर भिंतीला टेकून बसलो होतो, आमची रोजचीच बैठक. पावणेतीनला एक्केचाळीस झालं. साहेबांच्या शर्टाची पाठ अंगाला चिकटली.

“जरा पाणी मिळेल का?” त्यांनी विचारलं.

मी उठले. माठ रिकामा होता. काकूंच्या घरी गेले, त्यांची घागर उपडी. पलीकडच्या खोलीत, त्याच्या पलीकडे, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. कुणाच्याही घरात घोटभर पाणी नव्हतं. टँकर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येणार होता. आयुष्यात कधी दारी आलेल्याला मी तहानलेलं ठेवलं नव्हतं. परत आले तेव्हा मला मान वर करवेना.

“पाणी नाहीये साहेब. होतं ते सगळं तुमच्यासाठी वर ओतलं.”

साहेबांनी आधी वर पत्र्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे, एकेकीच्या तोंडाकडे. दारातून त्यांच्या ड्रायव्हरने डोकं आत घातलं.

“साहेब, गाडीत थंड बाटली आहे. एसी पण चालू ठेवलाय. चला ना, हे नंतर बघू.”

“राहू दे,” साहेब म्हणाले.

त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली आणि बसून राहिले. जाऊबाई तापमापकाखाली उभ्या होत्या, हातांची घडी घालून. त्यांचा अर्ध्या दिवसाचा खाडा झाला होता आणि मुकादम उद्या बोलणार होता, तेही त्यांच्या ध्यानात नसावं.

सव्वातीनला साहेब उठले. उठताना भिंत धरावी लागली. दोन्ही तापमापक शेजारी धरून पाहिले, रुमालाने हात पुसले आणि लिहिलं. मग कागद जाऊबाईंपुढे केला.

“घ्या. चव्वेचाळीस लिहिलंय,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. “वस्ती यादीत आली तुमची.”

काकूंनी माझा हात गच्च दाबला. मला तर तिथेच हुंदका फुटला. जाऊबाईंनी कागद घेतला, नीट वाचला. मग पुन्हा भिंतीपाशी गेल्या, तापमापक पाहिला, आणि कागद साहेबांना परत दिला.

“साडेत्रेचाळीस आहे साहेब. तेवढंच लिहा.”

“अहो बाई, अर्ध्या अंशाने काय फरक पडतो? मी खुशीने लिहिलंय.”

“मला माहीत आहे. पण साडेत्रेचाळीस आहे.”

साहेबांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. मग त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवला, चव्वेचाळीस खोडलं, साडेत्रेचाळीस लिहिलं आणि खाडाखोडीशेजारी सही केली.