मागून येते

फक्कीची पांढरी रेघ पायवाटेला आडवी आली तशी धाकटी चपला न घालताच मागच्या दारातून बाहेर पडली आणि थेट रेघेवर जाऊन उभी राहिली.

"अहो आजी, पुसली जाईल ना!" दोरीचं टोक धरलेला माणूस ओरडला.

"पुसू दे. तुमच्यातला मोठा कोण आहे त्याला बोलवा."

मोठा म्हणजे मुकादम. तो बगलेत नकाशाची गुंडाळी मारून सावकाश आला. बायामाणसांशी वाद घालून कुणाचं भलं झालेलं नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं.

"आजी, बाग होतेय इथं. तुमच्या घरामागं. नवस करून मिळत नाही लोकांना."

"बाग करा, कारंजं करा, हत्ती आणून बांधा. माझी एवढी वाट राहू द्या."

वाट म्हणजे काय, तर गवतातून गेलेली हातभर रुंदीची मातीची पट्टी. मोकळ्या पटांगणाच्या त्या टोकाला थोरलीचं घर, या टोकाला धाकटीचं. दोघी सख्ख्या जावा. पटांगण कुणाचंच नव्हतं, त्यामुळे वाट पाडायला कुणाला विचारावं लागलं नव्हतं. ती फक्त त्या दोघींच्या पायांनी पडली होती.

"माझी जाऊ येते या वाटेनं," धाकटी म्हणाली. "रोज दुपारी. तिला आता काही आठवत नाही हो. जेवली की नाही ते आठवत नाही. सुनेला कधी बाई म्हणते, कधी आई म्हणते. पण पाय या वाटेवर पडला की बरोबर माझ्या दारात येते. चहा पिते आणि आली तशी परत जाते. डोक्यातलं गेलं, पायातलं राहिलंय."

"आणि वाट नसली तर?"

"तर सून बाहेरून कुलूप लावून कामावर जाणार. तिचंही चुकत नाही. मला तोंडावर म्हणाली, काकू, त्या तुमच्याकडे जाऊन-येऊन आहेत तोवर माझी नोकरी आहे."

मुकादमानं नकाशा उलगडला, पुन्हा गुंडाळला. माणूस वाईट नव्हता. तो धाकटीबरोबर वाटेनं चालत निघाला आणि पटांगणाच्या मध्यावर थबकला. तिथं वाट एकदम उजवीकडं वळत होती, मोठा वळसा घेऊन पुन्हा आपल्या रेषेत येत होती.

"इथं अशी वाकडी का जाते ही? मधे तर काहीच नाही."



मधे काहीच नव्हतं, हे खरं. पण एके काळी तिथं थोरल्या दिरांची शेड होती. लोखंडी फाटकं आणि खिडक्यांचे गज बनवायची. दोघा भावांचं वाकडं आलं होतं. कशावरून, ते विचारलं असतं तर दोघांनाही धड सांगता आलं नसतं, पण अबोला मात्र चुलीवरच्या दुधासारखा जपला. आपल्या बायकांनी एकमेकींचा उंबरा ओलांडायचा नाही, हा एकच मुद्दा, ज्यावर भावांचं एकमत होतं. थोरले दीर शेडच्या तोंडाशी स्टुलावर बसायचे आणि सरळ वाट त्यांच्या डोळ्यांसमोरून जायची. म्हणून मग बायकांनी शेडच्या मागून वाट पाडली. सार्वजनिक नळावर, चारचौघांत, नवऱ्यांच्या देखत थोरली म्हणायची, "तू हो पुढं. मी येते मागून." पुरुषांना वाटायचं, मागून म्हणजे नंतर. या दोघींना ठाऊक होतं, मागून म्हणजे शेडच्या मागून. मग धाकटीच्या स्वयंपाकघरात कपात तोंड घालून दोघी हसत बसायच्या.

भाऊ गेले, एकामागून एक. शेड भंगारात गेली. तिच्या जागी गवत आलं. वळसा तेवढा राहिला. धाकटी एकदा म्हणाली होती, "ताई, आता कोण बसलंय बघायला? सरळ येत जा की."

"नको बाई. मेल्यावर माणसाला जास्त दिसतं," थोरली म्हणाली होती, आणि नेहमीसारखी शेडच्या मागून घरी गेली होती.

हे सगळं या परक्या माणसाला काय सांगायचं? आमचे दीर असे होते, आम्ही अशा होतो? घरातलं घरात. इतकी वर्षं कुणाला कळू दिलं नव्हतं. जीभ आपली आपण सवयीनं आत वळली.

"काही नाही," ती म्हणाली. "अशीच पडलीय."

मुकादमानं शब्द पाळला. नुसता पाळला नाही, वर तो चार पावलं पुढं गेला. वाट तर ठेवलीच; तिच्यावर फरशा बसवल्या, आजींना धरायला हवं म्हणून दोन्ही बाजूंना कठडा लावला. काम संपल्यावर स्वतः धाकटीला बोलवायला आला. त्याचा चेहरा असा फुललेला, जणू लेकीचं घर दाखवतोय.

"बघा! वाकडी होती ती पण सरळ करून टाकली. आजींचे पाय वाचतील."

वाट दोरीसारखी सरळ होती. जिथं शेड होती तिथं हिरवळ लावली होती आणि हिरवळीवर एक नवं कोरं बाकडं. धाकटीनं कठडा धरून हलवून पाहिला. कठड्याचे खांब सिमेंटमध्ये पक्के बसले होते.

"देव तुमचं भलं करो," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

दुपारी थोरली बाहेर पडली. कठड्यावर हात ठेवून छान चालत आली. धाकटी दारात उभी राहून बघत होती. मध्यावर येताच थोरलीचा डावा पाय आपोआप बाजूला गेला आणि कठड्याला थडकला. तिनं पुन्हा टाकला. पुन्हा थडकला. मग तिनं बाकड्याकडं पाहिलं आणि ती मागं सरली.

धाकटी धावत गेली. "ताई, चल. सरळ चल, मी आहे ना."

"वेडी झालीस का?" थोरली कुजबुजली. "समोरून कशी येऊ? हे बसलेत."

"कुणी नाही गं बसलेलं. बाकडं आहे ते."

"तुला काय कळतंय! हळू बोल." थोरलीनं तिचा हात सोडवून घेतला. "तू हो पुढं. मी येते मागून."

आणि घराकडं वळली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ती भर उन्हात कठड्याला धरून उभीच राहिली. ना पुढं, ना मागं. सून कामावरून आली तेव्हा तिथंच होती, ओठ कोरडे पडलेले.

धाकटीनं शोधत शोधत मुकादमाला गाठलं. तो दुसऱ्याच कामावर होता. यावेळी तिनं सगळं सांगितलं. शेड, स्टूल, दीर, सगळं. ऐकून त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"आजी, मी विचारलं होतं हो तुम्हाला. तेव्हाच का नाही बोललात? फक्कीची रेघ होती तेव्हा. पायानं पुसली असती." त्यानं मान हलवली. "आता त्यातला एक खिळा काढायचा म्हटलं तरी माझ्या हातात नाही."

सुनेनं कुलूप आणलं. पहिल्या दिवशी लावताना रडली. दुसऱ्या दिवशी रडायला वेळ नव्हता.

दुपार झाली तशी धाकटीला घरात बसवेना. इतक्या वर्षांत ती त्या घरी अशी उजळ माथ्यानं कधी गेलीच नव्हती. ती सरळ वाटेनं निघाली, मागच्या खिडकीशी पोचली. थोरली आत खाटेवर बसली होती. तिला बघताच ताडकन उठून गजांशी आली. गज तिच्याच नवऱ्याच्या हातचे होते.

"अगं बाई! तू इथं? भर दिवसा? बघितलं का ह्यांनी?"

धाकटीनं गजावरच्या तिच्या बोटांवर आपली बोटं ठेवली.

"नाही, ताई. शेडच्या मागून आले."

थोरलीचा जीव भांड्यात पडला. ती हसली, ते कपात तोंड घालून हसायची तसंच. मग एकदम गंभीर होऊन धाकटीला हातानं ढकलू लागली.

"जा, जा लवकर. चहा ठेव. मी येते मागून."

"ये," धाकटी म्हणाली. "वाट बघते."

ती परत निघाली. मध्यावर बाकडं आलं तशी तिची मान खाली गेली, आणि रिकाम्या बाकड्यासमोरून ती भराभर पुढं निघून गेली. घरी आल्यावर तिनं दोघींचा चहा ठेवला आणि मागचं दार उघडं टाकलं.