वरच्या मोराचा उडालेला कोपरा

मी बोलतेय. दाराच्या डाव्या अंगाची, सगळ्यात वरची, मोराची टाइल. जरा लांबूनच ऐका. हात लावायची घाई करू नका, कारण हात लावणाऱ्यावर माझा पटकन विश्वास बसत नाही.

माझा जन्म जपानातला. पाठीवर तशी अक्षरंच आहेत, पण पाठ भिंतीला लागलीय, तेव्हा माझ्या शब्दावरच भागवा. मातीची भुकटी साच्यात दाबली आणि मोराभोवती बारीक बांध उठवले, शेताला घालतात तसे. त्या बांधांमुळे निळा रंग हिरव्यात घुसत नाही. खळग्यात रंग जास्त साचतो, म्हणून पिसारा कुठे गडद, कुठे फिका दिसतो. भट्टीतून निघाले तेव्हा काय चमकत होते म्हणून सांगू!

बोटीनं मुंबईत आले. गिरगावातल्या एका व्यापाऱ्याच्या जिन्यात चाळीस वर्षं काढली. रोज "काय सुंदर आहे!" म्हणणाऱ्या त्या मंडळींनीच एक दिवस घर पाडायला दिलं आणि आमच्याकडे वळूनही बघितलं नाही. तेव्हापासून कौतुक करणाऱ्यांचाही मला संशय येतो.

ढिगाऱ्यातून आम्हाला वेचलं तुळशीरामनं. नेरूळजवळच्या सारसोळ्याचा कोळी, मासळी घेऊन भाऊच्या धक्क्यावर यायचा. आम्ही बाराजणी, सहा मोर डावीकडे बघणारे, सहा उजवीकडे. त्यानं आम्हाला मासळीच्या टोपलीतून घरी नेलं. शी! आठवडाभर बोंबलाचा वास जाईना. पण स्वतःच्या हातानं दाराच्या दोन्ही अंगांना बसवलं आणि बायकोला, धोंडूबाईला, म्हणाला, "आता तू राजाची रानी हाय!" तो काही मिस्त्री नव्हता. माझ्या पाठीमागे सिमेंटचा माल कमी पडला, तो कायमचाच.

तुळशीराम गेला. धोंडूबाई रोज सकाळी ओल्या फडक्यानं आम्हाला पुसायची, मला सगळ्यात शेवटी, टाचा उंच करून. बाकी कुणाला हात लावू द्यायची नाही.

मग नातू प्रणयनं जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरवलं. त्याच सुमारास एक माणूस गाडीतून आला, "जुन्या टाइल्सना चांगली किंमत देतो," म्हणाला. त्या दिवसापासून म्हातारीची झोप उडाली. माझीसुद्धा.

आम्हाला काढायला किसन मिस्त्री आला. साठीचा, कोकणातून येऊन नेरूळमध्ये राहिलेला, चाळीस वर्षं टाइल्स बसवण्यात घालवलेला. त्यानं एकेकीवर बोटानं टकटक केलं आणि कान लावला. चोर भिंत चाचपतो ना, अगदी तसं मला वाटलं. माझ्यापाशी येऊन म्हणाला, "मावशी, ही पोकळ वाजतेय. हिला छिन्नीपन लागनार नाय, अशीच हातात येईल."

धोंडूबाईनं हे मनात धरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, मिस्त्री यायच्या आधी, स्टुलावर चढून तिनं स्वयंपाकघरातल्या उलथन्यानं मला उचकटलं. माझा खालचा कोपरा उडाला. जुन्या लुगड्यात गुंडाळून तिनं मला ट्रंकेच्या तळाशी ठेवलं.

संध्याकाळी प्रणयनं काढून ठेवलेल्या टाइल्स मोजल्या. अकरा!

"मिस्त्री, बारावी कुठंय?"

"मी सकाळी आलो तवाच जागा रिकामी होती. मला वाटलं, तुमीच काढून ठेवली."

"बस काय! कालच बोललास ना, अशीच हातात येईल म्हणून? आली वाटतं हातात!"

गल्ली जमली. धोंडूबाई जवळच उभी होती. अगं बोल, बोल ना, मी ट्रंकेतून ओरडत होते. पण सगळ्यांदेखत, "मीच लपवली," म्हणायची तिला लाज वाटली. किसननं तिच्याकडे एकदा बघितलं, हत्यारं पिशवीत भरली आणि निघून गेला. त्यानंतर गल्लीत त्याला कुणी काम दिलं नाही.

खरं सांगू? त्यानं टकटक केली तेव्हा मलाही त्याचाच संशय आला होता. नको त्या माणसावर डोळा ठेवून बसले होते मी.

आठ महिन्यांनी घर उभं राहिलं. नव्या मिस्त्रीनं आम्हाला बघून हात वर केले, "जुना माल आहे, फुटला तर माझ्यावर यायचं." तेव्हा प्रणयच्या बायकोनं, रुतिकानं, कुणाला न विचारता किसनला फोन केला. तो आला! मुलगी दीक्षा त्याला स्कूटरवरून घेऊन आली. दारात उभी राहून ती म्हणाली, "बाबा, चला. या लोकांनी तुम्हाला चोर म्हटलंय."

"माझं काम अर्धं राहिलंय गं," किसन म्हणाला.

त्यानं अकरा टाइल्स पाण्यात भिजवल्या आणि एकेक बसवली. वरची जागा तेवढी मोकळी ठेवली.

"तिथं साधी टाइल लाव ना," प्रणय म्हणाला.

"नाय. ती मिळेल तवा तीच लागेल."

ट्रंकेचं झाकण करकरलं. धोंडूबाईनं मला लुगड्यासकट उचललं. दारात सगळ्यांसमोर तिनं मला किसनच्या हातात दिलं.

"मिस्त्री, मीच काढली. उलथन्यानं. तुज्यावर भरोसा नव्हता मना. आनि मंग बोलायची लाज वाटली."

प्रणय खाली मान घालून उभा राहिला. किसननं मला उलटून माझी पाठ बघितली.

"मावशी, आठ महिने मी या गल्लीतून मान खाली घालून गेलो. तुमाला ठाऊक होतं."

"व्हतं."

त्यानं मला भिजवलं, पाठीला माल भरभरून लावला आणि दाबून बसवलं. रुतिकानं चहा आणला, तो त्यानं घेतला नाही. जाताना फक्त म्हणाला, "कोपरा उडालाय. रंग भरून देऊ?"

"नको," धोंडूबाई म्हणाली. "तो असाच ऱ्हाऊ दे."

आता मी इथेच आहे. घर बघायला येणारा प्रत्येकजण विचारतो, हा कोपरा कसा उडाला? प्रणय बोलायच्या आत म्हातारीच पुढे येते आणि मोठ्यानं सांगते, "मी उडवला. आनि आळ किसन मिस्त्रीवर येऊ दिला. लय चांगला कारागीर हाय. तुमचं काम असंल तर त्यालाच बोलवा." गल्लीतल्या दोन घरांनी त्याला बोलावलंय. चहा मात्र तो या घरी अजून घेत नाही.

तुम्ही आलात तर माझ्यावर टकटक करून बघा. हो, मीच सांगतेय, हात लावा. आता मी पोकळ वाजत नाही.