रॅम्प नसलेल्या वर्षी

"यंदा रॅम्प नाही," दादा म्हणाले, आणि कारखान्यातली मशीनं एकेक करत थांबली.

दादा म्हणजे पुरुषांचे कपडे शिवणाऱ्या या कंपनीचे डिझायनर, आणि मालकही तेच. दर हंगामात नवे कपडे तयार झाले की मोठं सभागृह घ्यायचं, मधोमध रॅम्प उभारायचा, दोन्ही बाजूंना पाहुणे बसवायचे आणि उंच, सडपातळ पोरांनी कोट-पँटी घालून त्यावरून ये-जा करायची, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता.

"मग कपडे दाखवायचे कशावर? दोरीवर वाळत घालून?" मास्तरांनी विचारलं. मास्तर कापड बेतायचे. दादांच्या वडिलांपासूनचा माणूस, त्यामुळे असं काही विचारायची मुभा त्यांना एकट्यालाच होती.

"फिल्म करायची. छोटीशीच, पाच-सहा मिनिटांची." दादा कापायच्या टेबलावर टेकले. "मास्तर, तुम्ही एकेका कोटाच्या खांद्यावर महिना महिना जीव टाकता. पोरगा येतो, कोट घालतो, झपझप चालतो, वळतो, गेला! समोरचे लोक मोबाईल वर धरून बसलेले. कोट पाहिला कुणी? कोट घालून माणूस बसतो कसा, खिशात हात घालतो कसा, कुणाची वाट बघतो कसा, ते दिसायला पाहिजे मला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशींनी मात्र हातातलं बटण खाली ठेवलं.

मावशींचं काम पडद्यामागचं. मुलगा रॅम्पवरून आत आला की त्याच्या अंगावरचे कपडे उतरवायचे, दुसरे चढवायचे आणि त्याला पुन्हा उजेडात ढकलायचं. त्यांची बोटं बटणांवरून अशी पळायची, की मुलाला आपण कधी कपडे बदलले ते बाहेर गेल्यावरच कळायचं. हे काम धरलं तेव्हा सासूबाई हबकल्या होत्या. "परक्या पुरुषांचे कपडे बदलायचे? तेही दिवसाढवळ्या?" मावशी म्हणाल्या होत्या, "अहो आई, त्या घाईत समोर पुरुष आहे की खुंटी, तेसुद्धा कळत नाही." एरवी हंगाम नसताना त्या कारखान्यात काज-बटणं करायच्या, पण ती कुणीही करू शकलं असतं. मावशींची खरी जागा पडद्यामागे होती, आणि आता पडदाच नव्हता.

घरी काका होते. मावशींचे यजमान. शहराच्या बसवर ड्रायव्हर होते, आणि गल्लीत त्यांना सगळेच काका म्हणायचे. परीटघडीचा गणवेश, आरशासारखे चमकणारे बूट, आणि बस वळवताना कोपर खिडकीबाहेर काढायची ऐट. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात-पाय अधू झाला, तोंड जरासं वाकडं झालं आणि बोलणं गेलं. अगदीच गेलं नाही. तीन शब्द शिल्लक राहिले. 'चला', 'नाही' आणि 'च्यायला'. त्यातला शेवटचा सगळ्यांत स्वच्छ यायचा. डॉक्टर म्हणाले, असं होतं, शिव्या मागे राहतात. "म्हणजे जे जायला हवं होतं तेच राहिलं," मावशी म्हणाल्या, आणि काकाही अर्ध्या तोंडाने हसले होते.

पाय पुढे बराच सुधारला. काठी घेऊन घरातल्या घरात ते हिंडायचे. पण जिना उतरून खाली म्हणून गेले नाहीत. कुणी भेटायला आलं तरी तोंड भिंतीकडे वळवून बसायचे. मावशी "चला की जरा कोपऱ्यापर्यंत" म्हणायच्या आणि काका "नाही" म्हणायचे. पुढे पुढे मावशींनी विचारणंही सोडलं.

फिल्मसाठी एक दिग्दर्शिका आली. बारीक केसांची, पायात कॅनव्हासचे बूट, बोलायला मऊ. सुरुवातीला भाड्याच्या बंगल्यात रॅम्पवरच्याच मुलांना घेऊन चित्रीकरण करून पाहिलं. एका मुलाला कोट घालून खिडकीशी उभं राहायचं होतं. मावशींनी सवयीप्रमाणे त्याला कोट चढवला, बटणं लावली, कॉलर बसवली आणि बाजूला झाल्या.

"मावशी, मला तुम्ही त्याला कोट घालताना पण हव्यात," दिग्दर्शिका म्हणाली. "पण कॅमेऱ्याला काही दिसलंच नाही हो. जरा हळू कराल?"

मावशींनी हळू करून पाहिलं. बोटं ऐकेनात. पुन्हा केलं, पुन्हा तेच. ओशाळून त्या म्हणाल्या, "इथं मला हळू नाही जमायचं, मॅडम. हळू मी फक्त घरी करते."

"घरी? घरी कुणाला घालता कपडे?"

मग मावशींनी सांगितलं. अधू हात आधी बाहीत घालायचा, धडधाकट हात मागून. बोटं दुमडून राहतात, ती एकेक उलगडायची. घाई केली की हात आणखी ताठतो, म्हणून मध्येच थांबायचं, दोन गोष्टी बोलायच्या, परत सुरू करायचं. एवढंच सांगितलं. पण दिग्दर्शिका दादांकडे बघत होती आणि दादा खाली जमिनीकडे.

"रॅम्पवर चालू न शकणारा माणूस," ती शेवटी म्हणाली. "त्याला कोट कधी दाखवलाय का आपण?"

दादांनी मावशींना बाजूला घेतलं. "मावशी, नाही म्हणालात तरी काही बिघडत नाही. तुमच्या कामाचा याच्याशी संबंध नाही. पण काकांना विचारून तरी बघाल?"

संध्याकाळी मावशींनी विचारलं. "अहो, फिल्मवाले आपल्या घरी येऊ म्हणताहेत. तुम्हाला नवा कोट घालायचा म्हणतात. मास्तर स्वतः शिवणारेत. येऊ देत का?"

काकांनी खिडकीकडे मान वळवली. मग म्हणाले, "च्यायला."

याचा अर्थ हो की नाही, ते मावशींनाही उमगलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मास्तर माप घ्यायला आले तेव्हा काका काठी टेकत आपणहून उठून उभे राहिले. मास्तरांनी छाती मोजली, खांदे मोजले, आणि म्हणाले, "खांदा अजून ड्रायव्हरचाच आहे हो!" काकांनी खांदे आणखी ताठ केले.

लेकीला मात्र हे मुळीच पटलं नाही. ती पलीकडच्याच वस्तीत राहायची, शाळेत शिकवायची. ऐकल्या ऐकल्या धावत आली.

"आई, बाबांना लोकांसमोर यायला किती लाज वाटते, ठाऊक आहे ना तुला? त्यांचं प्रदर्शन मांडणार आहेस? लोक बघून चुकचुकणार, आणि त्यावर यांचे कोट खपणार?"

"कोट तर खपायलाच हवेत. त्यावरच आपलं चालतं."

"म्हणजे तुझं काम टिकावं म्हणून चाललंय हे."

मावशी ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. "दादा म्हणाले, संबंध नाही. पण मनात येतंच ना. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? थोडं तेही आहे. पण थोडंच. बाकीचं काय आहे ते मला सांगता येत नाही."

लेक म्हणाली, "त्या दिवशी मी इथं असणार. बाबांना नको वाटलं, तर मी सगळ्यांना बाहेर काढीन."

"काढ," मावशी म्हणाल्या.

ठरलेल्या सकाळी माणसं मोजकीच आली. दिग्दर्शिका, कॅमेरावाला, दादा आणि मास्तर. कोट गर्द निळ्या लोकरीचा होता. मास्तरांनी बगलेत जास्तीची जागा सोडली होती, आणि बाहीला आतून असं गुळगुळीत अस्तर लावलं होतं, की ताठलेला हातसुद्धा अलगद घसरत आत जावा. मावशींनी ते अस्तर बोटांनी चाचपलं आणि मास्तरांकडे नुसतं पाहिलं. मास्तर म्हणाले, "बघताय काय, घाला!"

मावशींनी अधू हात हातात घेतला, बोटं उलगडली आणि कोट चढवायला लागल्या. कॅमेरा सुरू झाला. काकांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

सगळे थांबले. काकांना पाणी दिलं. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तोंड भिंतीकडे. तिसऱ्यांदा कॅमेरावाला सरकत भिंतीच्या बाजूला गेला, तर काकांनी डोळेच मिटून घेतले आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं.

"बस झालं!" लेक पुढे आली.

"हो, बस झालं," मावशी तिच्याआधी म्हणाल्या. "मॅडम, राहू द्या. दादा, माफ करा. यांना नाही जमायचं, आणि मला यांना असं बघवत नाही. दुसरं कुणी बघा. माझ्या जागीही बघा हवं तर."

दिग्दर्शिकेने लगेच कॅमेरा खाली घ्यायला सांगितलं. मावशी कोट उतरवायला लागल्या. डावा खांदा मोकळा करायला गेल्या, तोच काकांच्या डाव्या मुठीने कोटाची कॉलर गच्च धरली.

"नाही," काका म्हणाले.

"अहो, काढते ना. थांबले ते सगळे. नाही काढत कुणी फिल्म."

"नाही!" मूठ सुटेना. डोळे उघडून त्यांनी मावशींकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. "चला."

"कुठं चला?"

"चला!"

लेकीलाच आधी कळलं. ती वाकून पलंगाखालून त्यांचे जुने बूट काढून घेऊन आली, फडक्याने पुसले आणि बापाच्या पायांशी बसून तिने ते त्यांच्या पायांत घातले, नाड्या बांधल्या.

काका जिना उतरले. डाव्या हाताने कठडा धरून, उजवीकडे मावशी, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत. दिग्दर्शिकेने खालच्या आवाजात मावशींना विचारलं, "मागून घेऊ का? नुसती पाठ?" मावशींनी काकांना विचारलं. काकांनी मान हलवली. घ्या म्हणाले असावेत. त्यानंतर त्यांना कॅमेऱ्याचं भानच राहिलं नाही. जिना होता, दार होतं, ऊन होतं.

रस्त्यावर आल्यावर मावशींना वाटलं, आता परत फिरतील. काका उजवीकडे वळले आणि दोन दुकानं सोडून सलूनच्या दारात जाऊन उभे राहिले. दर रविवारी इथे दाढी करायला यायचे ते. झटका आल्यापासून दाढी मावशीच करायच्या, घरी, मोरीपाशी स्टूल ठेवून.

सलूनवाल्याने हातातला कंगवा खाली ठेवला. "या साहेब! गाडी डेपोत लावून कुठं पसार झाला होतात? आणि हा काय थाट! लग्न ठरलं की काय कुणाचं?"

"च्यायला," काका म्हणाले आणि खुर्चीत बसले.

"कोट काढता ना? साबण सांडेल."

"नाही."

काढला नाहीच. सलूनवाल्याने कोटावरूनच भलीमोठी चादर पांघरली आणि मानेशी गाठ मारली. बाहेर काचेपाशी, कॅमेऱ्याशेजारी उभ्या मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. "झालं! एवढा जीव टाकून कोट शिवला, आणि वरून चादर!"

"मास्तर, गप्प बसा ना," दादा पुटपुटले. ते हसत होते, आणि डोळेही पुसत होते.

दाढी झाली. सलूनवाल्याने गाठ सोडून चादर एका झटक्यात ओढली आणि आरशात तो निळा कोट अचानक उजळला. काका स्वतःकडे बघत राहिले. वाकड्या तोंडाकडे बघितलं, मग खांद्यांकडे, मग पुन्हा तोंडाकडे. या वेळी मान वळवली नाही. डाव्या हाताने कॉलर सारखी केली, आणि आरशातल्या माणसाला म्हणाले, "चला."

दाराशी उभ्या मावशींनी लेकीचा हात धरला. इतक्या वर्षांत मावशींनी कितीतरी मुलांना कपडे चढवून उजेडात ढकललं होतं, पण पुढे उजेडात त्यांचं काय होतं, ते कधी पाहायला मिळालं नव्हतं. मागे राहून पुढच्या मुलाची बटणं लावायची असत. आज पहिल्यांदाच त्या समोर उभ्या होत्या. कुणाचे आभार मानावेत तेच कळेना. दादांचे, मास्तरांचे, त्या बारीक केसांच्या मुलीचे, की सलूनवाल्याचे.

सगळ्यांचंच असं भलं झालं नाही. रॅम्प गेला तसे रॅम्प बांधणारे सुतार गेले, दिवेवाले गेले, आणि पडद्यामागे मावशींच्या बरोबर काम करणाऱ्या दोघी जणी दुसरीकडे लागल्या. मावशी राहिल्या, हे त्यांचं नशीब. हे त्या स्वतः ओळखून होत्या आणि त्या दोघींना अधूनमधून भेटून यायच्या.

फिल्म तयार झाल्यावर दादांनी एका लहानशा थिएटरात ती सगळ्यांना दाखवली. पाहुणे होते, कारखान्यातली माणसं होती, सलूनवालाही दुकान बंद करून आला होता. काका तोच कोट घालून मधल्या रांगेत बसले. एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला मावशी.

फिल्ममध्ये फारसं काही घडत नव्हतं. एक बाई एका माणसाच्या अंगात हळूहळू कोट चढवते. माणसाची पाठ जिना उतरते. ऊन. चादर. आरसा. तो 'चला' म्हणतो आणि पडदा काळा होतो. शेवटी कंपनीचं नाव आलं ते इतक्या बारीक अक्षरांत, की मास्तरांनी चष्मा चढवला.

थिएटरात मागून टाळी सुरू झाली, आणि बघता बघता सगळं थिएटर टाळ्या वाजवायला लागलं. कुणाच्याही हातात मोबाईल नव्हता. काकांनी मागे वळून पाहिलं, बाजूला पाहिलं. लोक आपल्याकडे बघताहेत हे त्यांना कळत होतं. तोंड त्यांनी लपवलं नाही. बसल्या बसल्याच मान किंचित झुकवली.

त्यांनाही टाळी वाजवायची होती. डावा हात वर आला आणि हवेतच राहिला. उजवा मांडीवर पडून होता, लेकीच्या मुठीत. काकांनी मावशींकडे पाहिलं.

मावशींनी आपला तळवा उघडून त्यांच्यासमोर धरला. काकांनी त्यावर टाळी दिली. एकदा, मग पुन्हा, आणि लोकांच्या टाळ्या संपल्यावरही ते थोडा वेळ देतच राहिले.