नवा तुकडा करायचा नाही

अक्षरं घडवण्याच्या माझ्या पद्धतीत एकच नियम कडकपणे पाळावा लागे: नवा तुकडा करायचा नाही. चौकटींचं एक जाळं आणि त्यात बसणारे चौरस, पट्टी, त्रिकोण व पाव वर्तुळ असे चारच आकार. देवनागरीची सारी अक्षरं त्यांतूनच उभी राहिली पाहिजेत. एखादी गोलाई अडली, तर असलेलाच तुकडा फिरवून पाहायचा, नाहीतर दुसऱ्या अक्षरातून काढून घ्यायचा. पदव्युत्तर प्रबंधासाठी मी ही अक्षरमाला काळ्या पुठ्ठ्यातून कापली होती, आणि शहाण्णव साली करोल बागेतल्या ज्या स्टुडिओत मी उमेदवारी करत होते, तिथल्या अनुरागला ती विश्वासाने दाखवली होती.

गाझियाबादेत नुकत्याच उभ्या राहिलेल्या एका सोसायटीच्या पाट्यांसाठी त्याने ती स्वतःची म्हणून दिली. तिला नावही दिलं: 'अनुराग'. त्याच सोसायटीत तो वडिलांना घेऊन राहायला गेला आणि दारावर त्याच अक्षरांत, लाकडी तुकडे जोडून, आपल्या नावाची पाटी लावली.

"माझं नाव कुठेच नाही," मी म्हणाले.

"अगं अश्लेषा, टीमचं काम आहे यार! नावाचं काय घेऊन बसलीस? चलो, चहा पिऊ."

त्या संध्याकाळी मी घरी टेबलावर पुठ्ठ्याच्या तुकड्यांनी त्याचं नाव मांडलं, बराच वेळ पाहिलं, आणि त्यातलं एक पाव वर्तुळ उचलून डबीत टाकलं.

"पाटीतला एक तुकडा गेलाय," दुसऱ्या दिवशी तो म्हणाला. "आणि गंमत म्हणजे, मागे गोंदाची खूणसुद्धा नाही."

मग मी रोज एकेक तुकडा उचलू लागले. चहावाल्याने त्याचा ग्लास आणणं सोडलं. दरवर्षी त्याला राखी बांधणाऱ्या, स्टुडिओच्या दाराशी बसणाऱ्या पद्मजाने त्याला "आपलं कुणाकडे काम आहे?" असं विचारलं, तेव्हा थट्टा समजून तो हसला, त्याच्यासोबत कुणीच हसलं नाही. मला दया आली नाही. इतकी शांत झोप मला कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

टेबलावर केवळ शिरोरेषेची पट्टी उरली होती, त्या दिवशी तो माझ्यापाशी आला.

"अश्लेषा, तू तरी ओळखतेस ना मला?"

मी कागदावरून सावकाश मान वर केली. "आपण?"

घरी जाऊन मी ती पट्टीही उचलली. मग डबी पालथी करून, त्याच तुकड्यांतून माझं नाव जोडलं. एकही तुकडा कमी पडला नाही, एकही उरला नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला, रिकामं दार पाहण्याचं समाधान घ्यावं म्हणून मी गाझियाबादला गेले. फाटकाशी एक माणूस चौकीदाराला काकुळतीने काही विचारत होता. "इस नाम का यहाँ कोई नहीं रहता, साहब," चौकीदार म्हणाला. त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. मी जिना चढले.

दारावर पाटी होती. तिच्यावर माझं नाव होतं.

मी घंटा वाजवण्याआधीच दार उघडलं. अनुरागचे वडील, अण्णासाहेब, ज्यांना मी आजवर कधीच भेटले नव्हते, उंबऱ्यात उभे होते.

"किती उशीर केलास, बाळ? जेवायचा थांबलोय."

आत काळोख होता. मी पाऊल टाकलं, आणि दिव्याचं बटण, भिंत न चाचपता, माझ्या हाताला सापडलं.