कागदावर मी जहाज आहे

मित्रांनो, मी एक जुनी काहील आहे. काहील म्हणजे गुऱ्हाळावर उसाचा रस आटवायची सपाट बुडाची लोखंडी कढई. रुंदी आठ फूट. तुमच्या घरातल्या कढईची धिप्पाड आत्या समजा. पण सरकारी कागदावर मी जहाज आहे. ही बढती मला कशी मिळाली, ते सांगते.

नेवाशाच्या एका लोहाराने पत्र्याला पत्रा जोडून मला घडवलं. पुणतांब्याकडच्या गुऱ्हाळावर मी चौदा हंगाम तापले. आमचा गुळव्या सहादेव नुसत्या बुडबुड्यांच्या आवाजावरून गूळ कधी उतरवायचा ते ओळखायचा. लोक गुळाची तारीफ करायचे, सहादेवाची करायचे. कढईची तारीफ करायची पद्धत नाही.

बहात्तर साली ऊस उभ्याउभ्या वाळला आणि माझ्याखालचं चुलाण विझलं. मला उपडी टाकली. माझ्या सावलीत कुत्री निजू लागली.

अशात कालव्याला पिण्यापुरतं पाण्याचं एक आवर्तन सुटलं. सहादेवाची बहीण केशरबाई कालव्याच्या अगदी शेवटच्या गावात दिलेली. तिथल्या विहिरींचा तळ दिसत होता, आणि पाणी मात्र तीन मैल अलीकडेच गाळात आणि पाणकणसात अडून बसलं होतं. केशरबाई भावाकडे आली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "दादा, ही तरंगल का रं?"

मी तरंगले. मलाही नवल वाटलं. दोघं कमरेएवढ्या पाण्यात उतरून गाळ उपसत, माझ्यात भरत. मग सहादेव काठावरून दोर ओढी आणि केशरबाई बांबूने मला मधोमध ठेवी, गाळ टाकायच्या जागेपर्यंत.

पहिल्या दिवशी सहादेवाने घाई केली आणि माझं बूड खरकन तळाला घासलं. हळू ओढलं, तर मी आपसूक वर आले. त्याने पुन्हा जोर लावला. मी पुन्हा बसले. चार वेळा असं झाल्यावर गुळव्याला गुपित कळलं. मी पुढे सरकते तेव्हा पुढच्या पाण्याला मागे जावं लागतं. नदीत त्याला ऐसपैस वाट असते. कालवा बारा फुटांचा, त्यात मी आठ फुटांची. पाणी बिचारं माझ्या पोटाखालून आणि कडेच्या फटीतून पळत सुटतं. जिथे पाणी पळतं तिथे त्याची पातळी खाली जाते, आणि पाणी खाली गेलं की मीही खाली जाते. एका काठाजवळ गेले, तर तिथली फट आणखी चिंचोळी होते आणि पाणी मला त्याच काठाकडे ओढतं. म्हणून तो बांबू.

आठ दिवस आम्ही म्हातारीच्या चालीने चाललो. पाणी शेवटच्या गावापासून अर्ध्या मैलावर आलं.

नवव्या दिवशी पाटबंधारे कचेरीतले साहेब आले. त्यांना बारा वाजता त्या गावात जलपूजन करायचं होतं, आणि तेही पाण्यातून येऊन. पुढचा अर्धा मैल अजून कोरडा आहे, हे त्यांच्या कागदावर नव्हतं. माझ्यात खुर्ची ठेवली. खुर्चीत साहेब बसले. हार बादलीत ठेवला. दोर जीपला बांधला.

सहादेव हात जोडून म्हणाला, "साहेब, हिला पळवू नका. पळवली की ती बसती."

साहेब म्हणाले, "सहादेव, तू गूळ कर. जहाजाचं आम्ही बघतो."

जीप निघाली. मी बसले. साहेबांना वाटलं, ओढ कमी पडतेय. त्यांनी हात हलवून वेग वाढवायला सांगितला. मी आणखी बसले. माझ्यापुढे पाण्याची उशी फुगली, दोन्ही काठांचं पाणी हातभर खाली गेलं आणि माझ्यामागून थप्पड मारत परत आलं. भराव जुना, आत खेकड्यांची बिळं. तिसऱ्या थपडेला काठ फुटला.

पाणी बरड माळावर गेलं. बरडाने ते पिऊन टाकलं आणि तोंडही पुसलं नाही.

साहेब भिजले, पण जीपमधून वेळेवर पोहोचले. कोरड्या कालव्यात त्यांनी नारळ फोडला. केशरबाईच्या गावाला त्या आवर्तनात मिळालेलं पाणी म्हणजे त्या नारळाचं.

पंचनाम्याच्या छापील कागदावर काहिलीसाठी रकाना नव्हता, म्हणून मला जहाज लिहिलं. अपघाताचं कारण: जहाजाचा स्वभाव. खुर्चीचा उल्लेख नाही. तेव्हापासून मी कचेरीच्या आवारात पडून आहे. चौदा वर्षांच्या आगीने जे केलं नाही, ते इथल्या गंजाने दोन महिन्यांत केलं.

मित्रांनो, माझं फार मागणं नाही. मला पुन्हा चुलाणावर चढवा, नाहीतर निदान उपडी ठेवा. आणि चिंचोळ्या जागी पुढे जायची घाई झालीच, तर दोर धरणाऱ्याला एकदा विचारा. त्याच्या हाताला तळ आधी कळतो.

परवा सहादेव आणि केशरबाई मला मागायला आले होते. चौकशी पुरी होईपर्यंत देता येत नाही, असं शिपायाने सांगितलं. केशरबाईने माझ्या पोचे आलेल्या बुडावर हात फिरवला. माझ्या कडीला एक पाटी लटकते. तिला वाचता येत नाही. काय लिहिलंय, तिने शिपायाला विचारलं.

शिपायाने वाचून दाखवलं: "यास पाण्यापासून दूर ठेवावे."

केशरबाई पाटीकडे बघत राहिली. मग भावाला म्हणाली, "चल दादा. आमच्या गावाला बी हीच पाटी लावलीय. आज वाचली, एवढंच."